तळमजल्यावरची सोय

"'मानसिक आजार झाला होता का?' याच्यापुढे 'हो' कशाला लिहिलंत?" कारकून साबडे विभावरीवर खेकसला. "नोकरी नकोय का? तळमजल्यावर जा. वीस मिनिटांत आजाराची ती दोन वर्षं डोक्यातून पुसून देतात. कानामागे निळा डाग राहतो, एवढंच. मग खुशाल 'नाही' लिहा. खोटं पकडणारं यंत्रही गप्प बसेल."

"आणि त्यातून मी बाहेर कशी आले, ते?"

"तेही जातं."

विभावरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने 'हो' आणखी ठळक गिरवलं.

"पुन्हा त्याच विहिरीत पडले, तर पायऱ्या कुठे आहेत ते तुमचा बाप सांगणार?"

साबडे उसळून उठला. पण त्याचा हात स्वतःच्या कानामागच्या निळ्या डागाकडे गेला होता.