अपघाताविना त्रेसष्ट दिवस

मणी हिरवा होता, वाटाण्यापेक्षा जरासा लहान, आणि डाव्या नाकपुडीत जाऊन बसला होता.

"किती वेळ झाला?" नाक-कान-घशाच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टने विचारलं.

"पाऊण तास," सात वर्षांची मुलगी म्हणाली. तिच्या अंगावर अजून शाळेचा गणवेश होता. बाबांनी तिचा हात घट्ट धरला होता.

"शिंकून पाहिलं?"

"अकरा वेळा. मिरपूड हुंगूनसुद्धा."

"बसा. मध्येच आत सोडते. केसपेपर नंतर करू."

बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली.

"काय गेलं नाकात?"

"मणी. हस्तकलेचा," मुलगी म्हणाली. "उद्या शाळेत माळ न्यायचीय."

"आमच्या नातवाने कानात शेंगदाणा घातला होता. दवाखाना डोक्यावर घेतला पठ्ठ्याने! तुमची गुणी आहे हो. डोळ्यात टिपूस नाही."

बाबांनी नुसती मान हलवली. त्यांच्या कपाळावर घाम होता.

बाबा एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. नुसतं सांगून कुणाच्या डोक्यात शिरत नाही, करून दाखवावं लागतं, हे ते प्रत्येक नव्या कामगाराला ऐकवत. कारखान्याच्या फाटकावर होता तसाच फलक त्यांनी घरी फ्रिजवरही लावला होता: 'अपघाताविना दिवस'. पुढचा आकडा ते रोज सकाळी पुसून नव्याने लिहीत. आज तिथे त्रेसष्ट होते.

आई कामासाठी दोन दिवस बाहेरगावी गेली होती. निघताना मण्यांची पिशवी त्यांच्या हातात देत तिने एवढंच बजावलं होतं, "हिला मणी नाकातोंडात घालू देऊ नकोस."

"नीट समजावतो तिला," बाबा म्हणाले होते.

आई सहाच्या गाडीने परत येणार होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले होते.

"बाबा, फ्रिजवर आता शून्य लिहायचं?"

"हळू बोल."

"पण अपघात झाला ना?"

"अपघात नाही. किरकोळ घटना."

"मग आईला सांगू?"

तेवढ्यात आतून घंटी वाजली.

आत गेल्या गेल्या मुलीने डॉक्टरांच्या कानाशी लागून सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मास्क नाकावर चढवला.

"मणी आणखी आत सरकला, तर श्वासनलिकेत जाऊ शकतो," ते म्हणाले. "त्यामुळे अजिबात हलायचं नाही. श्वास तोंडाने घ्यायचा."

"दुखेल का?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज दबलेला होता.

"मुंगी चावल्याइतकं."

"बाबा, तू डोळे मीट," मुलगी म्हणाली. "मी पण मिटते."

दिव्याचा झोत नाकपुडीवर आला. बारीक चिमटा आत गेला. चिमटा एकदा निसटला, पुन्हा आत गेला. मग स्टीलच्या ट्रेमध्ये टण्ण असा आवाज झाला.

बाबांनी असा सुस्कारा सोडला की टेबलावरचा कापूस उडून खाली पडला.

डॉक्टरांनी मणी धुऊन, कागदात गुंडाळून मुलीला दिला. "आता कर माळ पूर्ण. आणि हा प्रयोग पुन्हा नको."

दोघांनीही मान डोलावली.

"निघाला का? वा!" बाहेर आजोबा म्हणाले. बाबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. त्याच क्षणी फोन वाजला. आईचा होता. मुलीने तो बाबांच्या हातातून काढून घेतला.

"हो आई, सगळं छान आहे. नाही गं, मी एकपण मणी नाकात घातला नाही. शप्पथ!"

बाबा खिडकीबाहेर पाहू लागले.

"लबाड आहे हं पोरगी," आजोबा पोट धरून हसले. "बापाच्या देखत शपथ घेते!"

रिसेप्शनिस्टने केसपेपर पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "पेशंटचं वय? सात लिहू ना?"

मुलीने बाबांकडे पाहिलं. बाबा स्वतःच्या बुटांकडे पाहत होते.

"बेचाळीस," ती म्हणाली.