तोरगुनची पाळी

आमच्या खोऱ्यात दोघीजणी गातात ते पाळीपाळीने. एक कडवं हिचं, एक तिचं. माझी जोडीदारीण तोरगुन मार्चमध्ये गेली. तेव्हापासून तिच्या पाळीला मी गप्प राहते, एका कडव्याएवढी थांबते आणि मग माझं कडवं उचलते.

शनिवारी दुपारी गुन्वोरकडे तालीम होती. फिडल, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन, ती वाजवते, पण तिचे हात वॅफलच्या पिठात होते, म्हणून फिडल टेबलावरच पडून होतं.

"तू गा गं, मी ऐकतेय," ती पाठमोरीच म्हणाली. "फक्त रडू नकोस. पीठ आधीच पातळ झालंय."

आमच्या फिडलला वरच्या तारांखाली आणखी बारीक तारा असतात, तरफा. त्यांना कुणी हात लावत नाही. खोलीत कुणी गायलं, की त्या आपोआप झंकारतात. माझ्या पहिल्या कडव्याला माझं तिकडे लक्षच नव्हतं.

मग तोरगुनची पाळी आली. मी गप्प बसले.

तरफा झंकारू लागल्या. सूर चढला, उतरला. शेवटच्या ओळीला तोरगुन कायम घाई करायची. तिथे घाईसुद्धा झाली.

मला भीती नाही वाटली. उलट बरंच वाटलं. माझी पाळी आल्यावर मी छाती भरून श्वास घेतला आणि मोकळ्या गळ्याने गाऊ लागले.

तरफा जराही हलल्या नाहीत.

गुन्वोर हात पुसत वळली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसली.

"छान गायलीस, तोरगुन. आता तिच्या पाळीला जरा गप्प राहू या, मार्चपासून राहतो तसं."