दूध आटेपर्यंत

“पिल्लं तुझ्या खोलीत, ती माझ्या खोलीत, आणि दोन्ही दारं बंद,” आई म्हणाली आणि मांजरीला काखोटीला मारून चालू लागली.

बाळ तिन्ही पिल्लं शर्टाच्या घोळात घेऊन तसाच उभा राहिला. बाळ म्हणजे काही लहान मूल नव्हे. टक्कल पडायला लागलेला, गोदामात ट्रक रिकामे करून घेणारा चांगला बाप्या माणूस. पण आई बाळ म्हणायची म्हणून गल्ली बाळ म्हणायची, आणि गोदामातले हमालही तेच म्हणायचे.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. पिल्लं आता आपली आपण खातात, पण आई दिसली की लुचायला धावतात. लुचली की दूध आटत नाही, आणि दूध आटल्याशिवाय ऑपरेशन नाही. तेव्हा भेट अजिबात नको. तिकडे कुंपणावरचा बोका काही थांबायचा नव्हता. तो मुहूर्त काढूनच बसला होता.

सगळं पटत होतं बाळला, तरी त्याचा जीव तुटत होता. पिल्लांसाठी नव्हे हं. ती मेली त्याच्या उशीवर लोळत होती, भरपेट खात होती आणि त्याच्या मोज्यांचा फडशा पाडत होती. जीव तुटत होता तो तिच्यासाठी. आईचं काळीज ते. बंद दाराआड कशी राहत असेल बिचारी?

आईच्या काळजाचा बाळचा अभ्यास दांडगा होता. साहेबांनी त्याला दुसऱ्या गावच्या गोदामाचा मुख्य म्हणून जा म्हटलं होतं, आणि तो नाही म्हणणार होता. आज संध्याकाळी शेवटचं सांगायचं होतं. जावंसं वाटत नव्हतं असं मुळीच नाही. डोळे मिटले की त्या नव्या गोदामाचं शटर वर जाताना दिसायचं. पण वडील गेल्यापासून घरात दोघंच. आई लोकांचं शिवण शिवायची, त्याचा डबा भरायची, त्याच्या शर्टांना इस्त्री करायची. आपण गेलो तर हिने करायचं काय? कुणासाठी? आईला त्याने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. उगाच तिच्या जिवाला घोर नको.

दुपारी आई शिवलेले पडदे पोचवायला बाहेर पडली. बाळने तिच्या खोलीच्या दाराला कान लावला. आत चिडीचूप. झालं, रडून रडून थकली असणार. त्याच्याने राहवेना.

“नुसतं बघायचं,” तो पिल्लांना म्हणाला. “तोंड लावायचं नाही.” पिल्लांनी कबूल केलं, निदान त्याला तसं वाटलं.

त्याने दार उघडलं. मांजरी आईच्या पलंगावर पोट वर करून, पाय चारी दिशांना टाकून ऐसपैस झोपली होती. पिल्लं झाल्यापासून तिला असं झोपलेलं त्याने पाहिलंच नव्हतं. पिल्लं टुणकन वर चढली. तिने एक डोळा उघडला आणि फिस्कारली. पहिल्याच्या नाकावर एक, दुसऱ्याच्या डोक्यावर एक, आणि तिसऱ्याला वाचवायला बाळने हात घातला तर त्याच्या मनगटावर एक. मग ती उडी मारून कपाटावर गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

आई परत आली तेव्हा पिल्लं पुन्हा त्याच्या खोलीत कोंडलेली होती आणि तो नळाखाली मनगट धरून उभा होता. लपवण्यात काही अर्थ नव्हता.

“आई, तिने ओळखलंच नाही गं पिल्लांना.”

“ओळखलं म्हणूनच मारलं,” आई म्हणाली. “पिल्लं प्यायली का?”

“नाही.”

“मग शहाणी आहे ती. तुझ्याहून तरी.”

तिने त्याला खुर्चीवर बसवलं आणि मनगटाला मलम लावायला घेतलं. मलम झोंबलं आणि बाळच्या तोंडून सगळंच बाहेर पडलं. नवं गोदाम, बढती, साहेब, आजची संध्याकाळ.

“पण मी नाहीच म्हणणार आहे,” तो म्हणाला. “तुला एकटीला टाकून मी कसा जाऊ?”

आता तिच्या डोळ्यांत पाणी येणार. ते बघवणार नाही म्हणून त्याने मान खाली घातली. मलमाची डबी मिटल्याचा आवाज झाला. तो मलम लावलेल्या मनगटाकडेच बघत राहिला. त्याने भीत भीत वर पाहिलं, तर आई समोर नव्हती. ती त्याच्या खोलीत होती. पिल्लांना पायाने हळूच बाजूला सारत, गळ्यातली टेप लांबवून ती खिडकीखालची भिंत मोजत होती.

“हो म्हणून सांग, बाळ,” ती आतूनच म्हणाली, “कापड कापायचं मोठं टेबल इथे बरोब्बर बसतंय.”