करवतीची साक्ष

"चाकं साफ आहेत असं तू का सांगितलंस?" सागवानाच्या वखारीत आलेल्या तपासनीस बाईंनी पट्टाकरवतीला विचारलं.

"साफच होती," करवत शांतपणे म्हणाली. "मडावीकाकांनी झाकणावर दोनदा थाप मारली. सफाई अशीच करतात."

करवत चालवणाऱ्या मडावीकाकांनी मान खाली घातली. नवी करवत कोरी येई आणि सगळं काम कारागिराला पाहूनच शिके. पहिला महिनाभर काकांनी रोज झाकण उघडून चाकांवरचा भुसा ब्रशने काढला होता. मग कंटाळा आला आणि नुसती थाप उरली. परवा साचलेल्या भुशामुळे पातं चाकावरून घसरलं आणि फळ्या उचलणाऱ्या शेवंताची दोन बोटं गेली.

"यंत्रच खुळं निघालं. भंगारात काढा," बाई म्हणाल्या. "काका, नव्याला तुम्हीच शिकवा."

पट्टी बांधलेला हात सावरत शेवंता म्हणाली, "काकाच हवेत, बाई. आम्हाला लेकरांसारखं जपतात."

काकांना ते ऐकवेना.

"पोरी, करवत खुळी नाही," ते कसेबसे म्हणाले. "मी शिकवलं तेच ती शिकली. गेल्या दोन वर्षांत मी ते झाकण उघडलंच नाही गं."