आखडलेली मान

ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या वणव्यात पेटलेल्या घरातून बायकोला, नोलीनला, ओढून काढताना क्लाइव्हची मान आखडली, ती वर्ष झालं तरी डावीकडे वळेना. जेवताना, टीव्ही बघताना नोलीन त्याच्या डाव्या हाताला बसायची आणि तो समोर बघूनच तिच्याशी बोलायचा. आपल्यामुळे याला हे दुखणं लागलं, असं म्हणत ती स्वतःच्या भाजून आक्रसलेल्या गालावरून हात फिरवत राहायची.

रविवारी तिने त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं.

"हनुवटी छातीला लाव. आता उजवीकडे बघ. आता डावीकडे... एवढीच? अरे, ओंडका तरी बरा!"

"नाही वळत गं."

"मग उद्या हाडं बसवणाऱ्या त्या कायरोप्रॅक्टरकडे जायचं."

"तो कडकन मान मोडेल माझी!"

"मोडू दे. नवी बसवून आणू."

दुसऱ्या दिवशी कायरोप्रॅक्टरने नोलीनला बाहेर थांबवून क्लाइव्हची मान चाचपली, हळूहळू चारी बाजूंना फिरवून पाहिली. दहाच मिनिटांत त्याने तिला हसत आत बोलावलं. "बाई, मानेत काहीही दोष नाही. चांगली मोकळी फिरते!"

नोलीनला आनंदाने रडूच फुटलं. ती लगबगीने क्लाइव्हच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. "सुटलास बाबा एकदाचा! बघ ना माझ्याकडे."

 

क्लाइव्हने आधी डोळे घट्ट मिटले, आणि मगच मान तिच्याकडे पूर्ण वळवली.