मालकांचं नाक

बाबा पाठमोरे उभे राहून हॉटेलच्या धुतलेल्या कोटांच्या कॉलरला केमिकलचा बोळा फिरवत होते. तोही सढळ हातानं. मागच्या खोलीतून मुलगी बाहेर आली ती रुमालानं नाक दाबूनच.

"बाबा, हे काय चाललंय?"

"अत्तर लावतोय," बाबा म्हणाले. मागे वळलेसुद्धा नाहीत.

"हे केमिकल कपड्यांतून जावं म्हणून मी जिवाचं रान केलं, आणि तुम्ही तेच वरून चोपडताय? आणि किती ते. माझे डोळे झोंबायला लागले."

"तू धू गं बाई तुला हवं तसं. मी कुठे नाही म्हणतोय? पण गिऱ्हाइकाला वास लागतो. वास नाही म्हणजे ड्रायक्लीन झालंच नाही, असं धरून चालतात लोक."

तिनं बोळा हिसकावून घेतला, डब्यात कोंबला आणि झाकण घट्ट लावलं. संताप संताप झाला तिचा. संशोधन संस्थेत काही वर्षं घासून तिनं ही पद्धत बसवली होती. पाणी, सौम्य साबण आणि बेतानं दिलेली वाफ. लोकरीचा कोट आटत नाही, अस्तराला सुरकुती पडत नाही. संस्थेतल्या सगळ्या चाचण्या पार पडल्या. मग सरांनी सांगितलं, आता एखाद्या खऱ्या दुकानात चालवून दाखव. ती तडक बाबांच्या दुकानात आली. जुनं मशीन बंद करून नवं लावायला बाबांना तयार करताना तिच्या नाकी नऊ आले होते.

खरं तर तिला हेच दुकान हवं होतं. सुरुवातीलाच तिनं हवेतलं केमिकल मोजायची पट्टी बाबांच्या खिशाला लावली होती. जितकी दुकानं तपासली, त्यांत सर्वांत वाईट हवा बाबांच्या छातीजवळ निघाली. तो आकडा तिनं बाबांपुढे ठेवला तेव्हा ते हसले. "मला काय धाड भरलीय?" म्हणाले. तिला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि नेमकं बाबांचं नाक म्हणजे या दुकानाची शान. त्यांनी हुंगून मान डोलावल्याशिवाय कपडा गिऱ्हाइकाच्या हातात पडत नसे. लोक कौतुकानं बघत राहायचे. घरी आई वैतागायची, की दूध करपून भांडं काळं पडलं तरी हा माणूस शेजारी पेपर वाचत बसतो, सगळं लक्ष मेलं दुकानात. मुलीलाही ते पटायचं.

तेवढ्यात दार ढकलून हॉटेलचा मॅनेजर आत आला. सगळ्या नोकरांचे गणवेशाचे कोट याच दुकानात यायचे. निम्मं दुकान त्याच्यावर चालायचं, त्यामुळे तो मालकाच्या वरचा मालक असल्यासारखा वागायचा. कालच नेलेला एक कोट त्यानं काउंटरवर टाकला.

"हा धुतलाय की नुसती इस्त्री फिरवलीय?"

"धुतलाय," मुलगी म्हणाली. "डाग दाखवा. मळ दाखवा."

"वास कुठाय?"

"स्वच्छ कपड्याला वास नसतो."

"हे मला नका शिकवू. जुन्या मशीनवर धुऊन देणार असाल तर माल पाठवतो. नाहीतर गावात दुकानं काय कमी आहेत?"

हा गेला की संध्याकाळच्या आत बाबा जुनं मशीन सुरू करणार, हे मुलीला स्वच्छ दिसत होतं. आणि पुन्हा दिवसभर त्याच्या तोंडाशी उभे राहणार. तरी ती मागे हटली नाही.

"ते मशीन आता सुरू होणार नाही," ती म्हणाली. "तुमचा एक कोटसुद्धा त्यात जाणार नाही."

"बाई, मी तुमच्याशी बोलतच नाहीये. मालकांच्या नाकाला विचारतोय." मॅनेजर बाबांकडे वळला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "मालक, पोरगी शिकली ते चांगलंच झालं. पण धंदा पुस्तकात नसतो. हिला चार वर्षं त्या जुन्या मशीनवर उभी करा. तुमच्यासारखं नाक तयार होईल हिचं."

बाबा हसतील असं मुलीला वाटलं. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी ते हसायचे. आज हसले नाहीत. तिच्याकडे नुसते बघत राहिले.

मग त्यांनी काउंटरवरचा कोट उचलला, नेहमीसारखा नाकाशी धरला आणि खोल श्वास घेतला. तो खाली ठेवला. मघाशी बोळा फिरवलेल्यांपैकी एक कोट ओढला आणि तोही हुंगला. त्याचा भपका दारापर्यंत येत होता. मॅनेजरनंसुद्धा तोंड फिरवलं. बाबांनी मात्र कॉलर नाकाला टेकवून पुन्हा एकदा श्वास घेतला.

"दोन्ही सारखेच," ते म्हणाले.

"चेष्टा करता काय मालक?"

"चेष्टा नाही, साहेब." बाबांनी दोन्ही कोट नीट घडी करून त्याच्या हातावर ठेवले. "किती वर्षं झाली, मला कसलाच वास येत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हुंगत होतो. माझं नाक तुमच्या कोटांपायी गेलं, हिचं जाऊ देणार नाही."