खुर्चीतली बाई

"हलू नकोस," चित्रकार म्हणाला.

बायको हलली नव्हती. पाठीला रग लागली म्हणून तिने नुसता श्वास सोडला होता. खुर्चीत बसून तिचा हा दुसरा महिना.

आयुष्यभर या गृहस्थाने डाग काढले. भलामोठा कॅनव्हास, त्यावर एक काळा डाग, शेजारी एक पिवळा, आणि समोर उभी राहून माना डोलावणारी शहाणीसुरती माणसं. त्याची आई एवढंच म्हणायची, "भिंतीला ओल आलीय का रे?" पुढे डागांची हौस फिटली लोकांची. मग साहेबांना एकाएकी माणसाची ओढ लागली. आणि बस म्हटलं की बसेल, असं माणूस घरात एकच.

पण बसता बसता बायकोला गोडी लागली, हेही खरं. ब्रश धुऊन ठेवणारी, जेवायला हाका मारणारी बाई ती. नवऱ्याने तिच्याकडे असं टक लावून कधी पाहिलं नव्हतं. आता तो तिच्या मनगटावरचा भाजल्याचा वण बघायचा, सुजलेली पेरं बघायचा. तिला वाटलं, उशिरा का होईना, याला मी दिसले.

"लोक विचारतील ना, ही कोण म्हणून?" ओठ न हलवता तिने विचारलं.

"विचारतील की."

"मग सांगाल?"

"सांगेन. हनुवटी खाली घे."

चित्र हुबेहूब उतरलं. सासू चष्मा लावून जवळ गेली. "जन्मात पहिल्यांदा काहीतरी काढलंस," मुलाला म्हणाली. "सून माझीच आहे ही."

प्रदर्शनाला बायको नवे कपडे घालून गेली आणि चित्राजवळ उभी राहिली. माणसं तीच, माना त्याच. एका दाढीवाल्याने चित्राकडे बोट केलं. "या बाई कोण?"

बायकोने केस सारखे केले.

चित्रकाराने डोळे मिटले. मोठ्या लोकांना बोलण्याआधी मिटावे लागतात. "कोणी नाही," तो म्हणाला. "ही व्यक्ती नाहीच मुळी. ही एक अवस्था आहे."

दाढी डोलली.

बायकोने नवऱ्यापुढे तळहात धरला.

"अवस्थेला घरी जायचंय," ती म्हणाली. "किल्ली द्या. आणि रात्री जेवायला काय, ते तिला विचारा." तिने मानेनेच भिंतीवरची बाई दाखवली.